तीन तोंडांची फाईल

"इथं कोण राह्यते?"

नकाशावरच्या ठिपक्यावर नखाने दोनदा टकटक करायचं आणि हे विचारायचं, ही भाऊंची सवय. ठिपका कोणी टाकला, कशासाठी टाकला, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. एकदा पुण्याचे मोठे साहेब स्क्रीनवरून आम्हाला कंपनीचं पुढच्या वर्षाचं स्वप्न दाखवत होते. नकाशावर हिरवे ठिपके, लाल ठिपके, फुगणारे, पसरणारे. इकडे वाशीमच्या ऑफिसात भाऊ उठले आणि भिंतीवरच्या टीव्हीवर त्यांनी नख वाजवलं.

"सर, हा लाल ठिपका. इथं कोण राह्यते?"

साहेब गडबडले. "ते फक्त नमुन्यासाठी आहे हो."

"मंग ठीक आहे. मले वाटलं गाव आहे."

आम्ही सगळे हसलो. साहेबही हसले, पण जरा उशिरा.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहू का म्हणून त्यांना विचारायला हवं, आणि विचारायला मला तोंड नाही. ऑफिसात सगळे त्यांना भाऊ म्हणायचे, तेच पुरे. तुमच्याही कामाच्या जागी असा एखादा माणूस असेल, ज्याला सगळे मान देतात आणि ज्याचं कोणी ऐकत नाही. तो आठवा, म्हणजे मला जास्त सांगावं लागणार नाही.

आमची कंपनी म्हणजे गाडी बोलावायचं ॲप. खेड्यातल्या माणसाने मोबाईलवर बटण दाबायचं, जवळच्या काळीपिवळीवाल्याला किंवा ऑटोवाल्याला निरोप जायचा, तो येऊन घेऊन जायचा. दवाखाना, बाजार, लग्न, काहीही. मुख्य ऑफिस पुण्याला. लॉकडाऊनमध्ये घरी परतलेली आमच्यासारखी पोरं इथेच ठेवली तर स्वस्तात पडतात, हे कोणाच्या तरी लक्षात आलं आणि वाशीमला एका कृषी केंद्राच्या वरच्या दोन खोल्या घेतल्या गेल्या. आम्ही सहा जण होतो. खालून फवारणीच्या औषधांचा वास यायचा, तो डब्यातल्या पोळीलाही लागायचा. भाऊ आमच्यात सगळ्यात मोठे, चाळिशीला टेकलेले. हैदराबादला आठ-नऊ वर्षं काढलेली. वडील गेले, आई गावात एकटी पडली, म्हणून अर्ध्या पगारावर इकडे आले. गाव कारंजा तालुक्यात, धनजच्या अलीकडे. सोमवार ते शुक्रवार वाशीमला खोली करून राहायचे आणि शनिवारी मोटरसायकलला किक मारायचे.

आता एक गोष्ट सांगतो, ती कळली की बाकी सगळं कळेल. आमच्या ॲपमधला नकाशा आमचा नव्हता. नकाशा बनवणं म्हणजे काय खायचं काम आहे? एक बाहेरची मोठी कंपनी तो बनवते आणि आमच्यासारख्या शंभर कंपन्यांना देते. आपण त्यांचं तयार सामान आणायचं आणि आपल्या ॲपमध्ये बसवायचं. आम्ही त्याला किट म्हणायचो. रस्ता कोणता, अंतर किती, तुम्ही उभे आहात त्या जागेचं नाव काय, सगळं किट सांगणार. आम्ही फक्त विचारणार आणि ते जे सांगेल ते लोकांना दाखवणार.

आणि किट काहीही सांगायचं.

रिसोडच्या बाजूला एका नाल्यातून त्याने चांगला रस्ता काढून दाखवला होता. एका ऑटोवाल्याने नवरदेवाच्या मामाला त्या रस्त्याने नेलं आणि मामा धोतरासकट चिखलात बसले. मोठी बोंब झाली. पुण्याहून मेल, इकडून मेल. भाऊ मोटरसायकल काढून तिकडे गेले आणि संध्याकाळी एका म्हाताऱ्याचा फोटो घेऊन आले. डोक्यावर फडकं, खांद्यावर काठी, हातात मोबाईल.

"हे पाह्य, हे आपले रस्ते बांधणारे साहेब. रोज सकाळी बकऱ्या घेऊन नाल्यातून जाते अन संध्याकाळी वापस येते. खिशात मोबाईल चालू. किटले वाटलं, एवढं येणंजाणं आहे त रस्ताच असंन."

तो फोटो त्यांनी तक्रारीसोबत बाहेरच्या कंपनीला पाठवला. खाली लिहिलं, हा रस्ता या गृहस्थांचा आणि त्यांच्या बकऱ्यांचा आहे, वाहनांसाठी नाही. उत्तर आलं की आपली सूचना पडताळता आली नाही. भाऊ पोट धरून हसले. "मी तिथं उभा राहून आलो लेका. अजून कसं पडताळतेत? बकरीले विचारतेत काय?"

तेव्हा ते हसायचे. पुढे पुढे तसंच उत्तर आलं की हसायचे नाहीत.

एका सोमवारी भाऊ आले आणि लॅपटॉप उघडून बसले. चहा आला, त्यांनी घेतला नाही. मी जवळ जाऊन विचारलं, "भाऊ, तब्येत ठीक आहे ना?"

त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. आमचंच ॲप होतं. त्यांच्या गावातला ठिपका, आणि खाली जागेचं नाव. जातीचं नाव आणि पुढे 'वाडा'. त्यांच्या वस्तीचं जुनं नाव. तुम्हाला ते माहीत आहे, मी लिहिणार नाही.

झालं असं होतं की त्यांनी आईच्या फोनवर आमचं ॲप टाकून दिलं होतं. मोठ्या कौतुकाने. म्हातारीने उतारवयात प्रौढ शिक्षणाच्या वर्गात अक्षरओळख करून घेतलेली, दुकानांच्या पाट्या बोट लावून वाचायची हौस. तिने बटण दाबलं, नाव उमटलं, तिने बोट ठेवून अक्षर अक्षर जुळवलं. मग पोराला विचारलं, "हे कोणं लिवलं?"

"कंपनीनं."

"कोणत्या?"

"आहे एक."

"तुह्याच ना?"

भाऊंनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "वस्तीच्या तोंडाशी कमान आहे, 'सिद्धार्थनगर' लिवलेलं. माह्या जन्माच्या आधीपासून आहे. ग्रामपंचायतीच्या कागदावर तेच. पोस्टमन तेच म्हणते. अन माह्या कंपनीच्या मोबाईलवर माह्या मायले हे वाचा लागते."

 माझं गाव रिसोडकडचं. घरी बऱ्यापैकी जमीन, आजोबांच्या काळापासून लोक आमच्या घराला पाटलाचं घर म्हणतात. आमच्या घरात ते नाव रोज उठता-बसता घेतलं जायचं. तिकडून मजूर सांग, तिकडे बैल गेला का पाह्य. मला ते नाव कधी टोचलं नव्हतं. मला कशाला टोचेल?

आणि नुसतं वाचण्याचा प्रश्न नव्हता. आमच्या ॲपमध्ये गाडीवाल्याला आधी जागा दिसायची, हो म्हटल्यावर मग प्रवाशाचं नाव. जागेचं नाव वाचून काही गाडीवाले नाहीच म्हणायचे. काही हो म्हणायचे आणि फोन करायचे, "मेन रोडवर या, आत गाडी फिरत नाई." आत गाडी चांगली फिरत होती, ट्रॅक्टर फिरायचे. भाऊंनी हे सगळं रेकॉर्डमधून काढून पुण्याला पाठवलं. पुण्याहून उत्तर आलं, नावं किटची आहेत, आपल्या हातात नाही.

"आपल्या हातात काय आहे मंग?" भाऊ म्हणाले. "हात तरी आपले आहेत का?"

मग त्यांनी ती फाईल सुरू केली.

काम साधं होतं. ॲपने किटला नाव विचारायच्या आधी आमच्या फाईलमध्ये पाहायचं. तिथे त्या जागेचं नाव असेल तर तेच दाखवायचं, नसेल तर किटकडे जायचं. एवढंच. पण फाईलमध्ये नाव टाकायचा त्यांचा नियम भलता कडक. आधी त्या वस्तीत स्वतः जायचं. तीन वेगवेगळ्या घरातल्या तीन माणसांना विचारायचं, तुमी या जागेले काय म्हणता? तिघांनी एकच सांगितलं तर नाव पक्कं. एकाने वेगळं सांगितलं तर पुन्हा नवे तीन. त्यात एक तरी बाई पाहिजे आणि तिघंही तिथेच राहणारे पाहिजेत. शेजारच्या आळीतला माणूस चालत नाही.

"सरपंचाले विचारलं तर एका मिनिटात होईल की भाऊ," मी म्हणालो.

"सरपंच तिथं राह्यते काय? जो राह्यते त्याचंच तोंड चालते. तीन तोंडं. कमी नाई."

म्हणून आम्ही तिला तीन तोंडांची फाईल म्हणायचो. शनिवार-रविवार, स्वतःचं पेट्रोल, मागे पाण्याची बाटली. मंगरूळपीर, मानोरा, मालेगाव, कुठे कुठे जाऊन यायचे. कंपनी त्यांना एक पैसा देत नव्हती, आणि सोमवारी पुण्याच्या मीटिंगमध्ये त्या कामाचं नावही निघत नव्हतं. कुठे भीमनगर, कुठे रमाईनगर, कुठे पंचशील चौक. बंजाऱ्यांचे तांडे, पारध्यांचा बेडा, भाऊंनी कोणालाच वगळलं नाही. एका तांड्यावर तीन तोंडं जुळेनात. भाऊ चार वेळा गेले. शेवटी तिथल्या नायकाने लोकांना बसवलं, तासभर भांडण झालं आणि नाव ठरलं. भाऊ सांगायचे, "माह्यामुळे गावात ग्रामसभा झाली ना बे!" आणि कॉलर ताठ करायचे.

त्यांच्या स्वतःच्या वस्तीचं नाव त्यांनी सगळ्यात आधी दुरुस्त केलं होतं, हे सांगायचं राहिलं. नंतर पहिल्यांदा एक ऑटो थेट त्यांच्या दाराशी आला. ऑटोवाला कारंज्याचा, नवा पोरगा. त्याला आईने घरात बोलावून चहा दिला, वर चिवडा दिला. भाऊ म्हणाले, "माय दुसऱ्या दिवशी म्हणे, आज कुठं जायचं नाई, पण एखादी गाडी बोलावू का?" हे सांगताना त्यांचे डोळे भरले होते आणि ते खोटं खोटं खोकत होते.

एका रविवारी मला घेऊन ते माझ्याच गावी गेले. मी हौसेने निघालो होतो. गावाच्या चौकात मोटरसायकल लावली आणि भाऊ म्हणाले, "चाल, दाखव वस्ती." मी दोन पावलं पुढे गेलो आणि थांबलो. मला रस्ता माहीत नव्हता. खरं सांगतो. आमच्या वाड्याच्या गच्चीवरून त्या वस्तीची घरं दिसतात, पण आत कुठून शिरायचं हे मला माहीत नव्हतं.

 एका पोरीला विचारून भाऊंनीच मला माझ्या गावात नेलं. तिथे एका आजीने मला डोळे बारीक करून पाहिलं.

"तू पाटलाचा ना? लहाना?"

"हो आजी."

"एवढा मोठा झाला अन आज आला? बसजा. चहा घेशीन?"

घेतला. चांगला गोड होता. भाऊ शेजारी बसून तिसरं तोंड शोधत होते. परत येताना त्यांनी मला चिडवलं, "किटले दोष देते लेका, तुह्याच डोक्यात नकाशा अर्धा आहे." मी हसलो. त्या दिवशी मला वाटलं होतं, मी बदललो. एका कपभर चहात! माणूस स्वतःला किती स्वस्तात माफ करतो पाहा.

आता माझ्या कामाचं सांगतो.

बाहेरच्या कंपनीने नवं किट आणलं. जुनं बंद होणार, सगळ्यांनी नव्यावर या, असा निरोप आला. पुण्याने ते काम माझ्या गळ्यात घातलं. मुदत तोंडावर होती, आणि त्याच महिन्यात आमची पगारवाढ ठरायची होती. नव्या किटला ॲपने नाव विचारावंच लागत नव्हतं, ते आपलं आपण थेट नकाशावर लिहीत होतं. म्हणजे भाऊंची फाईल मध्ये बसवायची तर ती नव्याने जोडावी लागणार, चार-पाच दिवसांचं काम. पण किटमध्ये एक नवी सोय होती, 'प्रचलित नाव दाखवा'. मी म्हटलं, झालं की काम. लोक जे म्हणतात तेच नाव येणार. मी ते चालू केलं. तपासलं कुठे? रिसोडचा बाजार आणि माझ्या गावचा चौक. दोन्ही बरोबर. फाईल उचलली आणि 'जुनं' नावाच्या फोल्डरमध्ये टाकली. भाऊ त्या आठवड्यात आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते. त्यांना एक फोन केला असता तर? नाही केला. मला मुदतीच्या एक दिवस आधी काम संपवून दाखवायचं होतं.

प्रचलित म्हणजे कोणात प्रचलित? किटला काय माहीत. त्याने कुठल्या तरी जुन्या याद्या चाळल्या, त्यात सर्वात जास्त वेळा जे सापडलं ते लिहून टाकलं. नकाशा एका झटक्यात साठ-सत्तर वर्षं मागे गेला. शिवाय नवं किट बोलायचं. एका बाईच्या गोड आवाजात, स्वच्छ पुस्तकी मराठीत.

ऑपरेशननंतर भाऊ आईला कारंज्याच्या दवाखान्यातून घरी नेत होते. आमच्याच ॲपवरून बोलावलेली काळीपिवळी. पुढे म्हातारी, डोळ्यावर हिरवी पट्टी. मागे भाऊ आणि वाटेत घेतलेले आणखी तिघं. गाव आलं आणि गाडीवाल्याच्या मोबाईलमधली बाई बोलली. दोनशे मीटरवर डावीकडे वळा, आपण पोहोचत आहात. आणि ते नाव. सगळ्यांनी ऐकलं. मागचा एक जण खुदकन हसला.

म्हातारी म्हणाली, "थांबव रे बाबू. इथंच उतरतो आमी."

भाऊंनी तिला हाताला धरून रस्त्यापासून घरापर्यंत चालत नेलं. डोळ्यावर पट्टी होती, ती अडखळत होती.

हे भाऊंनी मला एकट्याला सांगितलं नाही. त्यांनी मीटिंगमध्ये सांगितलं, सगळ्यांसमोर, पुण्याहून आमचं काम पाहणाऱ्या मॅडमना. त्यांच्यासारख्या माणसाला घरचं असं सगळ्यांपुढे काढून ठेवावं लागलं, याची मला आज लाज वाटते. त्यांची मागणी एकच होती. फाईल परत जोडा. चार दिवस द्या, नाहीतर मी रविवारी करतो, पगार नको.

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "नव्या करारात किटवाल्यांच्या नावांना हात लावायचा नाही असं आहे. मी वर बोलू शकते, पण त्यासाठी हा प्रश्न खरंच मोठा आहे हे मला सांगता आलं पाहिजे." आणि माझ्याकडे वळल्या. "तूही तिथलाच ना? किट तूच बसवलंस. तुझं काय मत? लोकांना याचा खरंच त्रास आहे?"

तुम्ही आता मला विचाराल, मी काय बोललो. मी म्हणालो, "तसं काही नाही मॅडम. म्हणजे बोलताना लोक तेच नाव घेतात. आमच्याकडे सगळे तसंच म्हणतात."

एवढंच. तीन वाक्यं. चूक माझी होती, ती दुरुस्त करायची तर ती चूक होती हे आधी कबूल करावं लागणार, आणि पगारवाढीची यादी मॅडमच करणार होत्या. दुसरं काही कारण नव्हतं. भाऊंशी माझं वैर नव्हतं. माझा त्यांच्यावर जीव होता. जीव असलेल्या माणसाशीही हरामखोरी करता येते, फार अवघड जात नाही.

मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे, मग पुढच्या वेळी बघू." स्क्रीन बंद झाली.

खोलीत आम्ही दोघंच उरलो. भाऊ टेबलाकडे पाहत होते. मग म्हणाले, "सगळे म्हंजे कोण रे?"

मी लॅपटॉप मिटला.

"किती घरं विचारली?"

"भाऊ, माझं ऐका..."

"एकच विचारलं ना? तुह्यं." ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "त्या बुढीनं चहा पाजला होता तुले. तिलेही इचारलं असतं एकदा."

महिनाभरात त्यांनी नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी सगळ्यांसाठी समोसे आणले, मलाही दिला, कागदावर, चटणीसकट. बाकीच्यांच्या पाठीवर थाप मारली. मला म्हणाले, "काम चांगलं करतं तू. हात साफ आहे तुह्या." आणि हेल्मेट घालून जिना उतरले. मला पगारवाढ मिळाली. चांगली मिळाली.

त्यानंतर मी त्यांना सात-आठ वेळा फोन लावला. आधी वाजायचा, मग लागेनासा झाला. मी फाईल परत जोडायचा प्रयत्न केला का? केला, एका रविवारी, गुपचूप. सोमवारी पुण्याच्या तपासणीत ती पकडली गेली आणि काढून टाकली गेली. मला समज मिळाली. मी पुन्हा केला नाही. शूर माणसाची गोष्ट सांगत नाही मी.

काही महिन्यांनी भाऊंचं अनुभवाचं प्रमाणपत्र पुण्याहून आमच्या ऑफिसात आलं. पोस्टाने पाठवणार होते. मी म्हटलं, मी नेऊन देतो. एसटीने धनजच्या अलीकडे फाट्यावर उतरलो, मेन रोडने गावात गेलो आणि कमान दिसेपर्यंत चालत राहिलो. सिद्धार्थनगर. निळा रंग नुकताच दिलेला होता. मनात वाक्यं जुळवत होतो, भाऊ, मी चुकलो, भाऊ, मला चार शिव्या द्या.

घरात आई होती. भाऊ नव्हते. परत हैदराबादला गेले होते.

"ट्रकच्या कंपनीत आहे म्हणते," आई म्हणाली. "नकाशाचं काम नाई करत आता. नको म्हणते." तिने प्रमाणपत्र घेतलं, बोट लावून पोराचं नाव वाचलं आणि ट्रंकेत ठेवलं. डोळे आता चांगले झाले होते. "तू कोण म्हणलं बाबू? त्याच्यासंगचा?"

मी माझं नाव सांगितलं. तिचा चेहरा बदलला नाही. भाऊंनी घरी काहीच सांगितलं नव्हतं. माझ्याबद्दल एक वाईट शब्दही नाही. मला तिने भाकर आणि वांग्याची भाजी वाढली, दोन वेळा आग्रह केला. माफी मागायला आलो होतो आणि जेवून उठलो. तिला काय सांगणार होतो? कोणत्या शब्दांत?

परतीची एसटी चारला होती. मे महिन्याचं ऊन, एक वाजलेला. मला कारंज्याहून पुढची गाडी गाठायची होती. मी ॲप उघडलं. ठिपका त्यांच्या दारात पडला आणि खाली ते नाव आलं, मी बसवलेलं. मी मोबाईल जरा तिरपा धरला, म्हातारीला दिसू नये म्हणून. बटण दाबलं. एकाने नाही म्हटलं. दुसऱ्याने नाही म्हटलं. तिसऱ्याने हो म्हटलं आणि लगेच फोन केला.

"मेन रोडवर ये. आत गाडी फिरत नाई."

तुम्ही म्हणाल, त्याच्याशी भांडायला हवं होतं. मी "हो" म्हणालो.

"रोडवर बोलावलं ना?" म्हातारी म्हणाली. विचारलं नाही, सांगितलंच. "चाल, मी येतो. ऊन लय आहे, तुले वाट नाई माईत." मी नको नको म्हणत होतो, तिने पदर डोक्यावर घेतला आणि चालायला लागली. मधून जवळची वाट होती, कोणाच्या परसातून, कोणाच्या गोठ्यामागून. दर वेळी याच वाटेने जात असणार. रस्त्यावर सावली नव्हती. आम्ही दोघं उभे राहिलो. तिच्या पायात रबरी चपला होत्या आणि ती डांबरावर एकेक पाय आळीपाळीने उचलत होती.

गाडी आली. गाडीवाला माझ्याच वयाचा, कपाळावर गॉगल. तोवर त्याला स्क्रीनवर माझं नाव दिसलं होतं, आडनावासकट. तो पटकन खाली उतरला, दार उघडलं, सीटवर फडकं मारलं.

"अरे, तुमी हाय काय पाटील साहेब! सांगायचं ना फोनवर. तुमच्यासाठी दारात आणली असती गाडी."

म्हातारी माझ्या शेजारी उभी होती. तिने ऐकलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"बस बाबू," ती म्हणाली. "ऊन लागते."

मी बसलो.